कोंडाईबारीपलीकडील आडवाटा व पाण्याची ठिकाणे

पश्चिम खानदेश या नावाने जो मुलूख १९०६ सालापासून पुढे अर्धशतकभर सरकारी दप्तरांत ओळखला गेला, त्याचे पाण्याच्या दृष्टीने दोन अगदी निराळे भाग पडतात. आणि हे दोन भाग जेथे एकमेकांस भेटतात ती सीमा कोंडाईबारीच्या माथ्यावर आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. बारीच्या अलीकडे विसरवाडी, नवापूर हा भाताचा, सागवानाचा व ओल्या मातीचा प्रदेश होय. सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणाऱ्या ताव्हेर्निये नामक फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूरच्या तांदुळाची वाखाणणी करताना त्यास कस्तुरीसारखा वास येतो, असे लिहून ठेवले आहे. बारीच्या पलीकडे दहिवेल सोडून पूर्वेस चालू लागले म्हणजे थोड्याच अंतरावर भाताचे नाव उरत नाही. पश्चिमेचे ओले वारे डांगच्या व नवापूरच्या डोंगरांवर आपला भार उतरवून पुढे जातात, त्यामुळे पलीकडे पावसाचे मान जवळजवळ निम्म्यावर येते. टेकड्या उघड्या, माती मुरमाड, झाडांत बाभूळ, खैर व सलई. वैशाखात त्या पठारावर उभे राहिले तर दृष्टीच्या टप्प्यात हिरवे असे फारच थोडे दिसते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा निराळा झाल्यापासून तर जिल्ह्याची हद्दही याच डोंगरांतून गेली आहे, आणि अलीकडच्या शेतकऱ्याचे पलीकडे जाणे कोर्टकचेरीपुरते किंवा सोयरिकीपुरते राहिले आहे.

अशा ओसाड मुलखात आम्ही काय पाहावयास जावे, अशी शंका कोणी वाचक घेईल. तिचे उत्तर सरळ आहे. आमच्याकडे पाऊस पुष्कळ पडतो, परंतु तो डोंगरउतारावरून आला तसा निघून जातो. मार्गशीर्ष सरला की नाले कोरडे, आणि फाल्गुनात विहिरींचे तळ दिसू लागतात. पलीकडच्या लोकांस मुळातच पाऊस थोडा, म्हणून त्यांच्या वाडवडिलांनी पडलेल्या पावसाचा माग काढून तो जागोजागी अडविला, वळविला, मुरविला. आज बारीच्या दोन्ही अंगांस दहा शेतकरी एकत्र बसले की कोणाची कूपनलिका किती फूट गेली हाच विषय निघतो. लक्षावधी रुपये जमिनीच्या पोटात घालण्यापूर्वी, पाणी धरून ठेवण्याची जी कामे जमिनीच्या पाठीवर तीनशे वर्षांपासून उभी आहेत, ती एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे. ती कामे आता ढासळत आहेत, व ती कशी चालत हे सांगणारी माणसे वृद्ध झाली आहेत. तेव्हा पाहावयाचे तर लवकर पाहिले पाहिजे.

मोठ्या सडकेवरून यांतील काहीच दिसत नाही. सुरत-धुळे रस्ता, ज्यास पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत व आता ५३ म्हणतात, तो मालमोटारींच्या सोयीने आखलेला आहे, पाण्याच्या सोयीने नव्हे. दहिवेल हे फाट्याचे गाव. तेथून दक्षिणेस पिंपळनेरची वाट फुटते. जुन्या कागदांत साक्री तालुक्याचेच नाव पिंपळनेर असे आढळते. पूर्वेस साक्री. साक्रीच्या उत्तरेस निजामपूर, जैताणे, छडवेल हा माळमाथा, व दक्षिणेस बागलाणास लागून असलेले काटवान. नावांवरूनच जमिनीचा अंदाज यावा. या चार दिशांच्या मधल्या पोटात ज्या गाडवाटा व शिवाररस्ते आहेत, त्यांनीच खरे पाणी भेटते.

आता या वाटा शोधाव्या कशा? प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली, तेव्हा त्याचा पहिला सल्ला गावनकाशा हाच असणार, हे वाचकांनी समजून घ्यावे. मूळ मोजणीच्या वेळी तयार झालेला गावनकाशा बहुधा आठ इंचांस एक मैल या प्रमाणाचा असतो, म्हणजे नकाशावरील एक इंच जमिनीवर ६६० फूट. त्या काळची शंखळी ३३ फुटांची, म्हणून एका इंचात बरोबर वीस शंखळ्या बसतात. एका गावाहून दुसऱ्या गावास जाणारा ग्रामीण रस्ता तुटक दुबार रेषेने दाखविलेला असतो. गाडीमार्ग व पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट व पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. हे आकडे चमत्कारिक वाटतात खरे, परंतु शंखळीचे सोळा आणे केले की साडेसोळा फूट म्हणजे आठ आणे व सव्वाआठ फूट म्हणजे चार आणे, असा सोपा हिशेब निघतो. नाले, ओढे, विहिरी व बांधही त्याच नकाशावर असतात. अलीकडे भ्रमणध्वनीवरील उपग्रहाचे चित्र सर्वांच्या हाती आले आहे, तेही उपयोगाचे. पण आज काय आहे एवढेच ते दाखविते. पूर्वी वाट कोठून होती व नाला कोठे वळत होता हे जुना नकाशाच सांगतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यास पुष्कळ गोष्टी उलगडतात, आणि काही ठिकाणी कोणाचा बांध किती सरकला हेही उलगडते. असो.

माळमाथ्याच्या वाटांनी जाताना एक गोष्ट प्रथमच जाणाऱ्यास आश्चर्यात टाकते. उघड्या माळावरून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती सरळ रेषेत गेलेल्या दिसतात; कोठे त्या कमरेएवढ्या, कोठे चांगल्या डोंगराच्या सोंडेएवढ्या. कोण्या राक्षसाने किंवा पांडवांनी त्या बांधल्या असाव्या असे पाहणारास वाटावे, इतक्या त्या रेखीव आहेत. वस्तुतः आपला सर्व खानदेश ज्या काळ्या पाषाणाचा झाला आहे, तो पाषाण पातळ असताना जमिनीच्या उभ्या भेगांतून वर आला व भेगांतच थिजला. पुढे भोवतालचा मऊ खडक झिजून गेला व या भिंती उभ्या राहिल्या. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत त्यांची इतकी दाटी आहे की भूगर्भशास्त्रज्ञ येथे मुद्दाम अभ्यासास येतात. बहुतेक भिंती सामान्यतः पूर्व-पश्चिम धावतात.

शेतकऱ्यास त्यांचे महत्त्व निराळेच आहे. अशी भिंत जमिनीखालीही तितकीच खोल गेलेली असते, आणि ती अभंग असेल तर भूमिगत पाण्यास आयता बांध होते. उतारावरून मुरत येणारे पाणी तिच्या वरच्या अंगास तुंबते. म्हणून वरच्या अंगाच्या विहिरीस पाणी व खालच्या अंगाची विहीर कोरडी, असा प्रकार शे-दोनशे फुटांच्या अंतरात आढळतो. मात्र भिंतीचा दगड चिरफळलेला असेल तर उलट तिच्यातूनच पाणी वाहते, व तेथे खोदलेल्या विहिरीस चांगला झरा लागतो. यास्तव भिंत दिसली की तिच्या दोन्ही अंगांच्या विहिरींत डोकावून पाण्याची पातळी पाहावी, दगडाच्या चिरा पाहाव्या व मगच मत बनवावे. पानाड्यास देण्याच्या दक्षिणेपेक्षा एवढी पायपीट स्वस्त पडते.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे फडाच्या बंधाऱ्यांकडे वळू.

पांझरा नदी पिंपळनेरच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावते, साक्री तालुक्यातून व धुळे शहरातून पूर्वेस वाहते, मग उत्तरेस वळून मुडावदजवळ तापीस मिळते. दहिवेलच्या बाजूची कान नदी तिला साक्रीच्या परिसरात येऊन मिळते. या दोन नद्यांवर, तसेच नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम व गिरणा यांवर, लहान दगडी बंधाऱ्यांची एक मालिकाच आहे. ते कोणी बांधले याविषयी निरनिराळी मते आहेत, परंतु तीन-चारशे वर्षांपासून ही पद्धत चालू आहे हे सर्वमान्य आहे, आणि १८८० साली निघालेल्या खानदेशच्या गॅझेटियरातही त्यांची दखल घेतलेली आहे. पिंपळनेरजवळ सामोडे, पुढे साक्रीजवळ भाडणे, धुळ्याच्या अलीकडे नेर व पलीकडे न्याहळोद, इतकी गावे पाहिली तरी पद्धतीचे स्वरूप ध्यानात येते. बंधाऱ्यापर्यंत मोटार जात नाही. नदीकाठच्या गाडवाटेने शेवटचा पल्ला पायीच चालावा लागतो, व तेच बरे, कारण पाट कसा आला हे पायांखालूनच कळते.

पहिली गोष्ट ही की, हा बंधारा पाणी साठविण्यासाठी नाहीच. नदीच्या पात्रात जेथे खडक उघडा आहे तेथे दगड व चुना यांची बुटकी भिंत घालून पाण्याची पातळी थोडी उचलावयाची, व उचललेले पाणी काठावरच्या तोंडातून पाटात सोडावयाचे, एवढेच तिचे काम. जास्तीचे पाणी माथ्यावरून निघून खालच्या बंधाऱ्यास मिळते. वरच्या फडातून झिरपलेले पाणीही पुन्हा नदीतच उतरते व पुढच्या गावाच्या उपयोगी पडते. पाट उताराच्या कडेकडेने नदीपेक्षा कमी ढाळाने नेलेला असतो, म्हणून जसजसे पुढे जावे तसतशी नदी खाली खाली जाते व पाट उंचावर राहतो. अशा रीतीने नदी व पाट यांच्या मध्ये जी जमीन सापडते तीच भिजणारी जमीन. इंजिन नाही, वीज नाही, मोट नाही. महसुली दप्तरांत तिची नोंद पाटस्थळ बागायत अशी होई, व मोटस्थळाहून ती निराळी धरली जाई.

या भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार भाग पाडीत. त्या प्रत्येक भागास फड म्हणतात. एका फडात एकच पीक. एका वर्षी एका फडात ऊस, दुसऱ्यात गव्हासारखे रब्बी पीक, तिसऱ्यात भुसार, व एखादा विश्रांतीस. दुसऱ्या वर्षी फेर बदलावयाचा. नदीस पाणी किती आहे हे पाहून कोणते फड भिजवावे व कोणते सोडावे, हे गावचे पंच ठरवीत. आणि यातील खरी मेख अशी की, बहुतेक खातेदारांचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असत. पाणी कमी पडले व एक फड सोडावा लागला तर तोटा एकट्या शेवटच्या शेतकऱ्याचा होत नसे, सर्वांचा थोडाथोडा होई. म्हणून पाण्यासाठी भांडण करण्यात कोणाचाच विशेष लाभ नव्हता. १९४७ सालच्या तुकडेजोडीच्या कायद्याने विखुरलेल्या जमिनी हा दोष मानला, आणि कोरडवाहू जमिनीत तो आहेही. परंतु फडात तोच गुण होता, हे कागद हाताळणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात येई.

पाणी देण्याचे काम शेतकऱ्याचे नव्हे, पाटकऱ्याचे. तो सर्वांच्या वतीने नेमलेला. कोणत्या तुकड्यास किती वेळ पाणी द्यावयाचे हे तोच ठरवी, व मालक शेतावर हजर असो वा नसो, पाळी चुकत नसे. त्याच्यावर देखरेखीस हवालदार, पिकाच्या राखणीस जागले. त्यांचा मोबदला सर्व खातेदारांनी मिळून द्यावयाचा. पावसाळ्यापूर्वी पाटातील गाळ काढणे व बंधाऱ्याची डागडुजी करणे यांत प्रत्येक घरचा माणूस यावाच लागे. एकाच फडात एकच पीक असल्यामुळे पाण्याची पाळी एकसारखी ठेवता येई, पाणथळ व खारवट जमीन होण्याचा धोका कमी राही, आणि राखणही थोडक्यात होई.

अशी व्यवस्था जगात अन्यत्रही आढळते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको हा प्रांत उंच पठारावरील वाळवंटी मुलूख आहे. तेथे स्पेनमधून आलेल्या लोकांनी नदीतून काढलेले सामाईक पाट आजही चालतात. त्यांस आसेकिया म्हणतात, व तो शब्द मूळ अरबी आहे. पाटावर खातेदारांनी निवडलेला एक मायोर्दोमो असतो, जो आपल्या पाटकऱ्यासारखीच पाळी लावतो, आणि दर वसंतात सर्वांनी मिळून पाट साफ करावयाचा असतो. स्पेनमधील वॅलेन्सिया शहरात तर पाण्याचे तंटे ऐकणारे शेतकऱ्यांचे पंच दर गुरुवारी दुपारी चर्चच्या दाराशी बसून तोंडीच निवाडा देतात. या न्यायसभेस युनेस्कोने २००९ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. पांझरेच्या पंचांस असे स्थान कोणी दिलेले नाही, तरी गोष्ट एकाच जातीची आहे.

हे सर्व भूतकाळात लिहावे लागते याचे कारण, पुष्कळ ठिकाणी फड नावापुरता उरला आहे. वर धरणे झाली, त्यामुळे नदीचा बारमाही प्रवाह धरणाच्या आवर्तनावर अवलंबून राहिला. विहिरींवर विजेचे पंप बसले, तेव्हा ज्याला त्याला स्वतंत्र पीक घेण्याची सवड झाली. एकाने कांदा, दुसऱ्याने कापूस लावला की फडाचा नियम मोडतो व पाटकऱ्याची पाळी लागत नाही. पाटकऱ्यास द्यावयाचे कोणी द्यावे यावर वाद झाला की पाट साफ करणे राहते. आणि सर्वांत वाईट म्हणजे वाळूचा उपसा. नदीच्या पात्रातील वाळू गेली की बंधाऱ्याच्या खालच्या अंगाचे तळ खाली जाते, पायाचा दगड उघडा पडतो, पुराचे पाणी पायाखाली शिरून खड्डा पाडते, आणि तीन शतके टिकलेली भिंत एका पुरात कलंडते. बंधारा पाहावयास जाणाऱ्याने म्हणून माथ्यावर उभे राहून समाधान मानू नये; खालच्या अंगास उतरून पाया पाहावा. कायद्याने अशा कामांस अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात पुढे दुसऱ्या वर्गाच्या पाटबंधारे कामांची तरतूद करण्यात आली होती, व १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमातही तशा कामांचा निराळा विचार आहे. परंतु कागदावर हक्क असणे व पाटात पाणी असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

बंधाऱ्यांनंतर पाहण्याजोगे म्हणजे पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांस काम देण्यासाठी महाराष्ट्रभर जे मातीचे बांध घातले गेले, त्यांतील अनेक या कोरड्या पट्ट्यात आहेत. पुढे रोजगार हमीच्या कामांत त्यांत भर पडली. ते बहुधा गावापासून दूर, नाल्याच्या डोक्याशी असतात व तेथे गुराख्याशिवाय कोणी फिरकत नाही. या तलावातून पाट निघत नाही. पाणी तळातून मुरते व खालच्या विहिरींस मिळते, म्हणून तलाव पौषात कोरडा पडला तर तो निकामी झाला असे समजू नये. कदाचित त्याने आपले काम केले असेल. खालच्या विहिरी पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. तळात गाळाचा चिकट थर बसून पाणी मुरेनासे झाले तर तलाव फाल्गुनापर्यंत भरलेला दिसतो, लोक खूष होतात, आणि विहिरी मात्र आटतात. उन्हाळ्यात या मुलखात दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर पाणी नुसते वाफ होऊन जाते. महिन्याला एक फूट झाले. पसरट व उथळ तलावातील निम्मेअधिक पाणी अशा रीतीने आभाळात जाते. म्हणून पाणी लवकर जमिनीत गेलेले बरे, आणि पसाऱ्यापेक्षा खोली बरी.

बांधाची परीक्षा कशी करावी हे येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण प्रत्येक गावच्या शिवारात असा एखादा तलाव आहे, व तो फुटल्यास खालच्या जमिनी जातात. बांधाच्या माथ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे. गुरांच्या येण्याजाण्याने माथा कोठे खचला असेल तर पुराचे पाणी प्रथम तेथूनच जाणार. बांधावर उगवलेली मोठी झाडे शोभिवंत दिसतात, पण त्यांची मुळे कुजली की पाण्यास वाट होते. तीच गोष्ट साळिंदराच्या व घुशीच्या बिळांची. मग बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी जावे. तेथे थोडा पाझर असणे स्वाभाविक आहे. पाणी स्वच्छ असेल तर चिंता नाही. गढूळ असेल तर पोटातील माती वाहून येत आहे असे समजावे व त्याच दिवशी संबंधितांस लेखी कळवावे. शेवटी सांडवा पाहावा. अधिक पाणी साठावे या लोभाने सांडव्यात दगडमाती भरून त्याची उंची वाढविण्याची खोड पुष्कळ गावांस आहे, आणि बांध फुटण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. मातीच्या बांधावरून पाणी गेले की तो घटकाभरही टिकत नाही.

तलावाच्या तळाचा गाळ शेतात टाकण्याची चाल जुनी आहे. २०१७ साली सरकारने गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार या नावाने तिला योजनेचे रूप दिले. हलक्या, मुरमाड जमिनीस हा गाळ अमृतासारखा. परंतु जी जमीन आधीच काळी व चिकण आहे तीत तो घालणे म्हणजे निचऱ्याचा नाश करणे होय. गाळ काढताना खालचा मुरूम उकरून वाहून नेणारेही भेटतात. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याची ही जागा नव्हे.

मोठ्या धरणांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांस पक्की सडक आहे व माहितीही सहज मिळते. कान नदीवर मालनगाव, पिंपळनेरकडे पांझरेवर लाटीपाडा व शेजारी जामखेली, खाली अक्कलपाडा, आणि आमच्या नवापूर तालुक्यात नागन. या जलाशयांच्या काठाने मागच्या बाजूस जाणारी वाट धरावी. पाणी कोठून येते, पाणलोटात झाड किती उरले आहे व गाळ कोठे साचतो हे भिंतीवरून दिसत नाही, मागच्या बाजूने दिसते. पाणलोट राखल्याने काय होते हे पाहावयाचे तर साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकास बारीपाडा हे आदिवासी गाव आहे. तेथील लोकांनी श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने तीनेक दशकांपासून आपले जंगल राखले, कुऱ्हाडबंदी पाळली, दगडी बांध घातले. पवार यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्या गावी जाऊन आलेल्यास अधिक काही सांगावे लागत नाही.

माळमाथ्याच्या वरच्या अंगास ब्राह्मणवेल, छडवेल या बाजूस गेल्या पंचवीस वर्षांत पवनचक्क्यांचे जे रान उभे राहिले, त्यामुळे जेथे पूर्वी केवळ मेंढपाळाची पायवाट होती तेथे डोंगरमाथ्यापर्यंत रस्ते झाले आहेत. त्यांवरून एका दिवसात पुष्कळ मुलूख पाहता येतो. तथापि असा रस्ता नाल्यास आडवा गेला असेल तर मोरी पुरेशी आहे काय हे पाहावे; कित्येक ठिकाणी उताराचे पाणी भलत्याच शेतात वळलेले आढळेल. निजामपूरजवळ भामेरच्या किल्ल्यावर खडकात कोरलेली जुनी टाकी आहेत, तीही वाटेत पाहून घ्यावी. ज्यांनी ती कोरली त्यांस पावसाच्या एका थेंबाची किंमत ठाऊक होती.

राहता राहिला वाटांच्या हक्काचा प्रश्न, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही. सेवेत असताना असे एक प्रकरण पाहण्यात आले की, पाझर तलावाकडे जाणारा नकाशावरील गाडीमार्ग एका खातेदाराने नांगरून काटेरी कुंपण घातले. इतरांनी अर्ज केला, पण तो चुकीच्या कलमाखाली; तो फेटाळला गेला, अपील झाले, पुन्हा नवा अर्ज, यांत तीन पावसाळे गेले. मधल्या काळात सांडव्याच्या कडेस पडलेली घळ बुजविण्यास यंत्र किंवा गाडी तेथवर जाऊ शकली नाही. तिसऱ्या पावसाळ्यात बांधाची ती बाजू वाहून गेली व खालच्या सात-आठ खातेदारांच्या काळ्या जमिनीवर हातभर मुरूम पसरला. रस्ता मोकळा करण्याचा हुकूम त्यानंतर मिळाला.

यास्तव दोन कलमांतील भेद नीट लक्षात ठेवावा. पूर्वापार चालत आलेला रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडविला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ प्रमाणे तहसिलदाराकडे दावा करावयाचा, व तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत केला पाहिजे. शेतास मुळीच रस्ता नसेल व शेजाऱ्याच्या बांधावरून नवीन रस्ता हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३. पहिल्यात जुना वहिवाट सिद्ध करावी लागते, दुसऱ्यात गरज. आपले पाणी दुसऱ्याच्या जमिनीतून पाटाने किंवा नळाने न्यावयाचे असल्यास त्याच संहितेचे कलम ४९ आहे. अर्जासोबत गावनकाशाची नक्कल जोडावी. ती तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मिळते. साक्षीपुराव्याच्या वेळी जुन्या झाडांचे बुंधे, हद्दीचे दगड, चाकोरीची झीज या गोष्टी तोंडी शब्दाहून अधिक उपयोगी पडतात, म्हणून त्यांची छायाचित्रे आधीच घेऊन ठेवावी.

अशा फेऱ्यांस वर्षातून दोन वेळा चांगल्या. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात पाणी वाहते असते व पाटांचे काम दिसते. वैशाखात तळ उघडे पडतात व दोष दिसतात. एकच ठिकाण दोन्ही वेळा पाहिल्यास दहा ठिकाणे एकदा पाहण्यापेक्षा अधिक समजते. बरोबर पिण्याचे पाणी भरपूर घ्यावे, कारण पठारावर कोस कोस वस्ती नाही. फरशीवरून पाणी वाहत असताना पलीकडे जाण्याचे धाडस करू नये, व आटत्या जलाशयाच्या गाळात उतरू नये. वर कोरडा पापुद्रा व खाली कमरेइतका चिखल, असे असते. कोणाच्या शेतातून जावयाचे तर विचारून जावे. गुराख्यास तंबाखूची चिमूट दिली तर तो तलावाचा सर्व इतिहास सांगतो.

परत येताना ज्यांस वेळ आहे त्यांनी पिंपळनेरहून दक्षिणेस शेलबारीचा घाट चढून ताहाराबादेकडे उतरावे. तेथे मोसमकाठचे फड लागतात, व पांझरेच्या आणि मोसमच्या चालींत काय फरक आहे हे पाहता येते. ज्या वाचकांच्या गावी आजही पाटकरी नेमून फड भिजविला जातो, त्यांनी गावाचे नाव, बंधाऱ्याचे ठिकाण, चालू फडांची संख्या व पाटकऱ्यास काय देतात एवढे लिहून मासिकाकडे पाठवावे. पुढील अंकांतून ती माहिती क्रमाने देण्याचा विचार आहे.